मधल्या खोलीची तक्रार

थापटू नकोस रे त्याला. थापट्या मारून टीव्ही सुधारायचे दिवस गेले. अडकलंय ना चित्र? अडकू दे, सुटेल त्याचं ते. तोवर तो मोठा दिवा घालवा, डोळ्यांवर येतोय, आणि बसा सगळे नीट. तुमच्या या मामाला आज झोप येणार नाही, तेव्हा तो तुम्हालाही येऊ देणार नाही.

मी केबलच्या ऑफिसात फोनवर बसायचो तेव्हाची गोष्ट. ऐकीव नाही. ज्याला घडलं त्यानं समोर बसून सांगितली, आणि तो थापा मारणाऱ्यातला नव्हता. थापा मारायला माणसाला चार शब्द जास्त बोलावे लागतात आणि हा तर बोलायचाच नाही. ऑफिसात त्याला सगळे 'एकेक' म्हणायचे. कारण त्याची कामाची पद्धत. बाकीचे गडी घरात शिरले की वायर बदल, बॉक्स बदल, कनेक्टर बदल, सगळं एका दमात उरकून मोकळे. चालू झालं की निघाले. कशानं चालू झालं ते त्यांनाही ठाऊक नसायचं. हा एका वेळी एकच वस्तू बदलायचा. बदलून बघायचं, फरक नसला तर जुनीच परत लावायची, मग दुसरी घ्यायची. 'एकेक करून बघू,' हेच त्याचं दिवसभराचं बोलणं. वेळ लागायचा, पण त्यानं सोडवलेली तक्रार पुन्हा माझ्या फोनवर कधी आली नाही.

हा रात्रीच्या तक्रारी मागून घ्यायचा. साहेबाला वाटायचं, काय कामसू माणूस आहे. कामसू कसला. घरी आई होती, खुब्याचं हाड मोडल्यापासून खाटेवर. घरात दोघंच. शेजारची बाई संध्याकाळी तिला भरवून आठ वाजता आपल्या घरी जायची. मग हा घरी आला की म्हातारीचं सुरू. कूस बदलून दे, पाणी दे, पाय दाबून दे, बस ना जरा, कुठं चाललास. दिवसभर खांबांवर चढून आलेल्या माणसाला ते नको व्हायचं. यानं काय करावं? तिच्या खोलीत टीव्ही लावून दिला. सगळे चॅनल फुकट, घरचाच केबलवाला ना. 'तुला सोबत झाली,' म्हणाला. निघताना आवाज मोठा करून ठेवायचा आणि रात्रीचं काम अंगावर घ्यायचा.

तिला एक साधा फोनही दिला होता. एक बटण दाबलं की याला लागायचा. रोज रात्री नऊनंतर याच्या खिशात तो थरथरायचा. हा काढून बघायचा. 'आई.' परत खिशात टाकायचा. 'कामात आहे,' असं पुटपुटायचा. कोणाला सांगायचा कोण जाणे.

तर ती तक्रार. सतरा नोव्हेंबर, गुरुवार. रात्री सव्वाआठला फोन आला. चष्म्याच्या दुकानवाल्यांचं घर, दुसरा मजला. एकाच घरची ही चौथी तक्रार. 'रोज नऊला आमची मालिका लागली की चित्र अडकतं. तीन माणसं येऊन गेली, डोक्याला ताप झालाय. आज शेवटचा भाग आहे, दीड तासाचा. काहीही करा पण तो दिसला पाहिजे.' मी एकेकला पाठवलं. त्या घराची जोडणीही वर्षापूर्वी त्यानंच केली होती.

घर त्याला जिने चढता चढता आठवलं. दुकानवाला, त्याची बायको, कॉलेजात जाणारी मुलगी. बाहेर बसायची खोली, तिला लागून पलीकडे झोपायची खोली; मग मधली खोली, तिच्यातून पुढं स्वयंपाकघर. जोडणीच्या दिवशी हा आवाज तपासत होता तेव्हा मधल्या खोलीतून ऐकू आलं होतं, टक, टक, टक. यानं विचारलं, 'आत कोण आहे?' दुकानवाला म्हणाला, 'काही नाही, बाबा आहेत. झटका आल्यापासून बोलता येत नाही, मग चमच्यानं खाट वाजवतात. तुम्ही ते आवाजाचं बटण दाखवत होतात ना?' यानं दाखवलं. 'हे बघा साहेब, इथं वर दाबायचं. पाहिजे तेवढा वाढतो.'

या वेळी मधल्या खोलीचं दार लावलेलं होतं. बाहेरच्या खोलीत पाण्याचा जग, पेले, जेवणाच्या ताटल्या, सगळं आधीच आणून टेबलावर मांडलेलं. एकेकला वाटलं, मालिकेच्या पायी लोक काय काय करतात. तिघं टीव्हीसमोर बसली होती. नऊला मालिका लागली. दोन-तीन मिनिटं गेली आणि चित्र अडकलं.

आता हे नीट ऐका. सिग्नल कमी पडला की चित्राचे ठोकळे होतात, आवाज चिरकतो. कनेक्टर सैल असला की चित्र जातं-येतं. बॉक्स तापला की तो बंद होऊन पुन्हा सुरू होतो. इथं तसलं काहीच नाही. पडद्यावर एक बाई बोलायला तोंड उघडून तशीच थांबलेली. चित्र स्वच्छ. बॉक्सवर सिग्नल बघितला तर पुरेपूर. आवाज मात्र कोणी गळा धरल्यासारखा बंद.

'एकेक करून बघू,' म्हणत त्यानं पिशवी उघडली. कनेक्टर कापून नवा लावला. नाही. अडॅप्टर बदलला. नाही. बॉक्स बदलला. नाही. मग त्याच्याकडे तपासणीचा एक छोटा टीव्ही असायचा, बॅटरीवरचा, तळहाताएवढा. जिन्यातल्या मुख्य लाइनीवरून वेगळी वायर घेतली आणि त्यावर तोच चॅनल लावला. जिन्यात व्यवस्थित चालला. वायर ओढत ओढत तो टीव्ही घेऊन घरात आला.

अडकला. तीच बाई, तसंच तोंड.

मागं सरून जिन्यात गेला. सुटला. उंबरा ओलांडून आत आला. अडकला. वायर तीच, टीव्ही तोच. मध्ये फक्त उंबरा. एकेक म्हणाला, तिथं पहिल्यांदा माझ्या मानेवर काटा आला. पण गडी पद्धतीचा पक्का. वस्तू बदलून संपल्या होत्या. आता उरली माणसं.

'साहेब, जरा जिन्यात जाऊन उभे राहता?' दुकानवाला कुरकुरत गेला. फरक नाही. त्याला परत बोलावलं. 'वहिनी, तुम्ही.' फरक नाही. मग मुलगी. तरी नाही. इतक्यात दुकानवाल्याचा धक्का लागून जग लवंडला आणि पाणी जमिनीवर सांडलं. 'फडकं आण,' आई मुलीला म्हणाली. मुलगी जागची हलेना. 'आण म्हणते ना.' मुलगी उठली, मधल्या खोलीचं दार उघडलं आणि आत पाय टाकला.

चित्र सुटलं. पडद्यावरच्या बाईचं वाक्य पुरं झालं.

मुलगी फडकं घेऊन बाहेर आली. दार लावलं. थोडा वेळ चाललं. मग अडकलं.

'ताई, पुन्हा एकदा आत जाता?'

'मी नाही जाणार,' ती म्हणाली.

एकेकच्या तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. मघापासून चित्र अडकलं की ही तिघं बोलायला लागायची. एकदम, मोठ्यानं आणि वाटेल ते. दुकानातलं गिऱ्हाईक, गॅसचा सिलिंडर, खालच्याची गाडी कुठं लावलीय. चित्र सुटलं की गप्प. तो म्हणाला, 'जरा सगळे शांत बसता का?'

'कशाला?' दुकानवाल्यानं विचारलं.

'आवाज कुठं जातोय ते बघू द्या.'

तिघं गप्प झाली. पंखा यानंच बंद केला. रस्त्यावर एक गाडी गेली. मग तेही नाही.

टक.

...टक... टक.

बंद दारापलीकडून. लोखंडावर चमचा वाजतो तसं.

कोणी कोणाकडे बघेना. तिघांचे डोळे रिमोटवर.

'बाबा... आत आहेत का?' एकेकनं विचारलं.

'गेले,' दुकानवाला म्हणाला. 'जुलैत.'

'चित्र अडकलं की आवाज बंद होतो,' मुलगी म्हणाली. 'मग ऐकू येतं.'

'गप बस.'

'आत कोणी गेलं की थांबतं. त्या रात्री पण थांबलं असतं. आपण आवाज वाढवला.'

'गप बस म्हटलं ना तुला.' मग दुकानवाला एकेककडे वळून अगदी सरळ आवाजात म्हणाला, 'बरं, उपाय काय आता?'

एकेकला त्या क्षणी भुताची भीती वाटली नाही. या माणसाची वाटली. म्हाताऱ्याबद्दल एक शब्द नाही, कपाळाला एक आठी नाही. बिघाड सापडला आहे, आता दुरुस्ती सांगा, एवढंच. तो म्हणाला, 'आत कोणीतरी बसलं की चालेल असं दिसतं.'

'रोज? आम्हाला कसं जमेल? प्रत्येकाला आपापली कामं आहेत.'

'आजच्यापुरतं तुम्ही बसा ना भाऊ,' बायको म्हणाली. 'अर्धा तास तर राहिलाय. शेवटचा भाग आहे हो. नंतर आम्ही टीव्हीच पलीकडच्या खोलीत हलवतो.'

तुम्ही म्हणाल, हा उठून चालता का झाला नाही. मीही विचारलं त्याला. चहाचा कप बाजूला ठेवला. मग म्हणाला, 'तिथून निघालो असतो तर घरीच जावं लागलं असतं.' ऐकलंत? मेलेल्या माणसाच्या खोलीत बसणं त्याला चाललं. जित्या आईच्या खोलीत बसणं नको होतं.

तो आत गेला. मागून दार कोणीतरी ओढून घेतलं.

खोलीत दिवा नव्हता. दिव्याची जागा होती, दिवा काढून नेलेला. खिडकीतून रस्त्याचा उजेड येत होता तेवढाच. लोखंडी खाट, वर गादी नाही. खाटेच्या दांडीवर हाताच्या अंतरावर एके ठिकाणचा रंग पार उडालेला. तेवढंच लोखंड चकचकीत. खिडकीच्या कट्ट्यावर चमचा पडला होता. त्याचं तोंड ठोकून ठोकून चपटं झालेलं. खाटेशेजारी एक स्टूल. यानं बसायच्या आधी हात फिरवला तर बोटभर धूळ. त्याच्यावर पुष्कळ दिवसांत कोणी बसलंच नव्हतं.

बाहेर मालिका सुरू झाली. बाईचं बोलणं, वाजंत्री.

हा बसून राहिला.

बाहेरचा आवाज वाढला. थोडा. आणखी थोडा. मग भिंत थरथरेल इतका. हा आत बसलाय हे माहीत असून. काही ऐकू येऊ नये म्हणून. आणि ते बटण यानंच दाखवलेलं.

टक.

खाटेवर. अगदी त्याच्या गुडघ्याशी.

यानं चमच्याकडे पाहिलं. कट्ट्यावर होता. हलला नव्हता.

टक... टक.

'काय पाहिजे, बाबा?' असं विचारावं म्हणून तोंड उघडलं. तितक्यात खिशात थरथरलं.

'आई.'

रोजच्यासारखं परत टाकायला हात खिशाकडे गेला. गेला आणि तिथंच राहिला. समोर ती दांडी. रंग उडालेली.

यानं फोन उचलला.

'आई?'

...

'आई, काय झालं?'

पलीकडून बोलणं नाही. श्वास नाही. मग कानात, अगदी जवळून...

टक.

टक.

खाट गप्प होती. आवाज आता फक्त फोनात होता. आणि हळू होत चालला होता. दोन ठोक्यांमधलं अंतर वाढत होतं.

टक...

...

तो उठला. दार ढकललं. बाहेर तिघांची तोंडं निळ्या उजेडात. 'अहो, थोडंच राहिलंय,' बायको म्हणाली. तो थांबला नाही. पिशवी तिथंच, टीव्ही तिथंच. जिन्यात पोचेपर्यंत मागं आवाज बंद पडला आणि दुकानवाला वैतागून काहीतरी बोलला. मग तिघं मोठमोठ्यानं बोलायला लागली.

गाडी कशी चालवली ते त्याला आठवत नाही.

त्याच्या घरी जिन्याच्या पहिल्या वळणापासूनच आईचा टीव्ही ऐकू यायचा, इतका मोठा ठेवलेला असायचा. त्या रात्री जिना शांत. अर्ध्यावर पोचला तेव्हा त्या शांततेत बारीक, फाटलेला आवाज आला.

'कोणी आहे का हो...'

दार उघडून आत गेला. तिच्या खोलीत टीव्हीवर चित्र थिजलेलं. आवाज नाही. बॉक्सचा हिरवा दिवा चालू. आणि आई खाट आणि भिंतीच्या मध्ये, जमिनीवर. पाय वेडावाकडा. पाण्याचा तांब्या हातापासून लांब लवंडलेला.

'शेजारीण गेली आणि तहान लागली,' ती म्हणाली. 'म्हटलं, आपणच घ्यावं. हाका मारून मारून घसा गेला रे. टीव्हीपुढं कोणाला ऐकू जाणार? आत्ता तो बंद पडला तेव्हा म्हटलं, आता कोणाला तरी ऐकू जाईल.'

यानं तिला पाणी पाजलं. पायाला धक्का न लावता डोक्याखाली उशी दिली, दवाखान्याची गाडी बोलावली आणि जमिनीवर तिच्याजवळ बसला. म्हणाला, 'आई, फोन केलास ते बरं केलंस.'

'कुठला फोन?'

'आत्ता केलास तो. रोज करतेस ना.'

'रोज कुठं करते?' म्हातारी म्हणाली. 'पावसाळ्यातच सोडलं मी. तू उचलत नव्हतास. शेजारणीला म्हटलं, ठेव बाई तो कपाटावर. जवळ असला की उगाच हात जातो.'

हा उठला. कपाटावर हात फिरवला. फोन होता. धुळीनं माखलेला. बटण दाबून धरलं. नाही. चार्जरला लावला. तरी नाही. केव्हाचाच मेला होता.

पावसाळ्यापासून ते त्या रात्रीपर्यंत याच्या खिशात रोज 'आई' थरथरत होती. रोज यानं ती परत खिशात टाकली होती.

म्हातारी दवाखान्यातून घरी आली. हिवाळा सरेपर्यंत होती. एकेकनं रात्रीचं काम सोडलं. टीव्ही काढून टाकला, तिच्या खाटेशी खुर्ची टाकून रोज संध्याकाळी बसायला लागला. पण म्हातारीनं त्याच्याकडे पुन्हा काही मागितलं नाही. 'पाणी देऊ?' 'नको.' 'पाय दाबू?' 'नको, तू दमला असशील. तुझी कामं असतील.' रागानं नाही हो. राग असता तर बरं झालं असतं, असं तो म्हणायचा. तिची सवयच मोडली होती मागायची. शेवटपर्यंत एकदासुद्धा म्हणाली नाही, बस ना जरा.

त्या चष्मेवाल्यांकडून पुन्हा तक्रार आली नाही. टीव्ही पलीकडच्या खोलीत हलवला, खाट भंगारात घातली, मधल्या खोलीत आता दुकानाचे खोके असतात. पिशवी आणायला मीच गेलो होतो. दुकानवाला म्हणाला, तुमचा तो माणूस ऐन वेळी निघून गेला, शेवट काय झाला ते आम्हाला कळलंच नाही.

एकच गोष्ट राहिली. आई दवाखान्यात होती तेव्हा एकेक तिची खोली झाडायला गेला. तिची खाट लाकडी, जुनी, गुळगुळीत. तिच्या कडेवर हाताच्या अंतरावर त्याला खाचा दिसल्या. अर्ध्या चंद्रासारख्या बारीक बारीक खाचा, एकाच जागी, एकावर एक. आतलं लाकूड ताजं, पांढरं. खाली जमिनीवर भुसा पडलेला. म्हातारीच्या बोटांना गेली दोन वर्षं चमचा धरवत नव्हता, शेजारीण भरवायची. आणि तिच्या खोलीत चमचा नव्हताही.

खाट अजून आहे त्याच्याकडे. दोनदा त्या खाचा लांबीनं बुजवून पॉलिश केलं. मी गेलो की तो चहा टाकतो आणि मी त्याच्या नकळत त्या कडेवरून बोट फिरवून बघतो. खाचा पहिल्यापेक्षा खोल झाल्या आहेत.